मागच्या सीटची बाहुली

सकाळी सव्वाआठला धक्क्यावर सात गाड्यांची रांग होती, आणि पहिला नंबर गुडीचा होता.

ती सहापासून तिथे उभी होती. इंजिन चालू, हीटर फुल, मांडीवर अर्धवट खाल्लेली खिम्याची पेस्टी. समोर दोरी बांधलेली, आणि दोरीपलीकडे सुपीरियर सरोवर पांढरंफटक गोठलेलं. अडीच मैलांवर हेरॉन बेट, तिचं घर. बर्फावरून बेटापर्यंत वाट आखलेली होती. नाताळ झाल्यावर लोकांनी टाकून दिलेली झाडं दर शंभर पावलांवर भोक पाडून उभी केली होती. काहींवर अजून चमकी लटकत होती.

आज वाट उघडणार होती. वर्षातली पहिली गाडी आज पलीकडे जाणार होती.

आणि पहिल्या गाडीवाल्याचं नाव बेटावरच्या डॉटमावशीच्या खानावळीत लाकडी पाटीवर रंगवतात. साठ वर्षांची नावं आहेत त्या पाटीवर. पाटीखाली बसून सगळं बेट जेवतं, म्हणजे सगळं बेट ती नावं वाचतं. गेली सहा वर्षं ओळीने स्कोग्लंड, स्कोग्लंड, स्कोग्लंड. गुडीचं हॅल्व्हर्सन आडनाव एकदाही नाही. एप्रिलात गुडीने शाळा सोडली तेव्हा बाप म्हणाला होता, "तुझं नाव कुठे दिसलंच तर गैरहजेरीच्या यादीत." गुडीने त्याच्यासमोर ताट आपटलं होतं. उत्तर मात्र दिलं नव्हतं. उत्तर ती आज देणार होती.

गाडी तिची स्वतःची होती. आठ महिने मासळीच्या कारखान्यात व्हाइटफिश साफ करून घेतलेली, सेकंडहँड, निळी. डुलुथ शहरातल्या एका गाडीवाल्याकडून चार दिवसांपूर्वी उचलली होती. अख्ख्या बेटावर अशी गाडी कुणाकडे नव्हती. काटेबिटे काही नाहीत, स्टिअरिंगमागे सरळ एक चकचकीत पडदा.

आणि नेमकं तेच नडलं.

"हा काय टीव्ही आहे?" ऑर्विलकाका खिडकीत वाकून म्हणाले.

ऑर्विल बेलांजे, वय अडुसष्ट. बर्फाची वाट त्यांची. रोज पहाटे गिरमिट घेऊन भोकं पाडायची, जाडी मोजायची आणि कोण जाणार, कोण नाही, ते ठरवायचं. त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही.

"डॅशबोर्ड आहे, काका."

"दारं आपोआप लॉक होतात?"

गुडीने पडद्यावरची धूळ बोटाने पुसली.

"दहाच्या वर वेग गेला की खटकन चारही दारं लॉक. बरोबर ना? बर्फ फुटला की खाली जायला दीड मिनिट लागतं, पोरी. तेवढ्यात लॉक शोधत बसणार? आणि बेल्ट काढलास की बोंबलणार ही. हो बाजूला. मागच्याला येऊ दे."

मागे स्कोग्लंडांचा पिकअप होता. गंजून दारांना भोकं पडलेला, डॅशबोर्डवर जेमतेम चार दिवे. त्याची तपासणी एका मिनिटात झाली असती. थोरला स्कोग्लंड खिडकीतून ओरडला, "गुडे, टीव्ही बघून झाला की सांग! आम्ही पलीकडे जाऊन जेवतो तोवर!"

गुडीचं डोकं सटकलं. "मी सहापासून उभीय! सेटिंगमध्ये बंद करता येतं सगळं! मला वेळ द्या."

ऑर्विलकाकांनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या थर्मासकडे पाहिलं. "ही कॉफी संपेपर्यंत."

"किती आहे?"

"दोन कप. आणि मी भराभर पितो."

बाजूच्या सीटवर तिचा चुलतभाऊ टॉर्बेन, म्हणजे टोर, होता. टोर विशीतला, सगळ्याला घाबरणारा आणि सगळ्यावर विनोद करणारा. त्याने हातमोजे काढले, खणातून गाडीचं पुस्तक काढलं आणि शाळेत कधी उघडलं नसेल तसं उघडलं.

"आधी बंद करून चालू कर. इंजिन नको, नुसती वीज."

गुडीने बटण दाबलं. पडद्यावर एकदम सगळे दिवे पेटले. लाल, पिवळे, हिरवे, जत्रेसारखे. तीन सेकंदांनी एकेक करून विझले.

"गाडी सांगतेय की माझे सगळे दिवे शाबूत आहेत," टोर वाचत म्हणाला. "पिवळा दिसला तर सवडीने बघ. लाल दिसला तर आत्ताच्या आत्ता थांब."

"मला लॉक सांग, लॉक!"

"स्टिअरिंगवरचा उजवा बाण. दाब. दाब अजून. भाषा... नको. उजेड... नको. मैल की किलोमीटर... पुढे. 'वाहन'. आत जा. 'दारं'. 'चालताना आपोआप लॉक'."

"सापडलं!" गुडीने खूण काढून टाकली. चारही दारांतून खट्ट आवाज आला. ती इतक्या जोरात ओरडली की मागच्या गाडीतला कुत्रा भुंकायला लागला.

ऑर्विलकाकांनी दुसरा कप ओतला.

"बेल्टचा आवाज?" गुडीने टोरला विचारलं.

टोरने पानं उलटली. परत उलटली. "बंद होत नाही. कायद्याने."

"मग बेटाच्या कायद्याने कर."

ते काम बेटावरच्या शेंबड्या पोरालाही येतं. बेल्ट पाठीमागून ओढायचा, रिकामाच बकलात अडकवायचा आणि त्याच्यावर रेलून बसायचं. गाडीला वाटतं बांधलेत, आणि माणूस मोकळा. दोघांनी तसं केलं. पडद्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र आलं. पाच सीट, प्रत्येक सीटवर एक बोटभर बाहुली.

"बेल्ट लावला तर हिरवी," टोरने वाचलं. "बसलाय पण लावला नाही तर लाल. कुणी नसेल तर करडी."

पुढच्या दोन बाहुल्या हिरव्या झाल्या. मागच्या तीन करड्या.

गुडी खिडकीची काच खाली करत होती तेवढ्यात तिला दिसलं. मागची डावी बाहुली, बरोबर तिच्या पाठीमागची, लाल झाली होती.

"टोर, मागे काय ठेवलंस?"

"डॉटमावशीची बटाट्याची पिशवी."

"काढ. डिकीत टाक."

टोर उतरला, पिशवी डिकीत टाकून आला. बाहुली लालच. गुडीने वळून सीटवर हात फिरवला. कोरडी, रिकामी. तिने सगळं बंद केलं, परत चालू केलं. दिव्यांची जत्रा झाली, विझली. बाहुली करडी.

"सेकंडहँड आहे," टोर म्हणाला. "भुतं फुकट मिळतात."

"थोबाड बंद कर."

ऑर्विलकाका आले. थर्मास उलटा करून दाखवला, शेवटचा थेंब बर्फावर पडला. मग त्यांनी चारही दारं स्वतः उघडून, लावून पाहिली. पुढच्या काचा खालीवर करायला लावल्या. शेवटी पडद्यासमोर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"दोघंच ना?"

"दोघंच."

त्यांनी मागच्या सीटवर नजर टाकली. मागचं डावं दार परत एकदा उघडलं, परत लावलं. "पंधराच्या वर जायचं नाही. मधे थांबायचं नाही. मागची गाडी तीनशे फूट मागे." आणि दोरीची गाठ सोडली.

मागून स्कोग्लंडांनी हॉर्न वाजवून सूड उगवला. गुडीने हात बाहेर काढून त्यांना एक बोट दाखवलं आणि गाडी बर्फावर घातली.

काय वाटलं तिला! चाकांखालचा आवाजच बदलला. रस्त्याची घरघर गेली आणि पोकळ, गोड गुंजन सुरू झालं. दोन्ही काचा खाली, वारा कानफटात मारत होता, नाकातलं पाणी गोठत होतं, आणि ती खिदळत होती. एक झाड मागे गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर कुणीतरी लाल रिबीन ठेवली होती.

टिंग! पडद्यावर बर्फाच्या पाकळ्यांचा दिवा लागला. 'रस्ता निसरडा असू शकतो.'

दोघं हसून हसून मेले.

"काय सांगतेस!" टोर पडद्याला म्हणाला. "गुडे, हिला सांग, खाली सरोवर आहे."

"डॉटमावशी काळ्या रंगाने लिहिते की निळ्या?"

"लाल. आणि तुझं नाव मोठं आहे, गुड्रुन हॅल्व्हर्सन. दोन ओळी खाशील."

"खाईन! तीन खाईन!"

अर्धा मैल झाला. खाली कुठेतरी बर्फ दुमदुमला, लांबलचक, पोटातून आल्यासारखा. त्याला बेटावर कुणी भीत नाही. जाडा बर्फच असा बोलतो. गुडीने आरशात पाहिलं. स्कोग्लंडांचा पिकअप मागे, अंतर राखून.

मग तिला आरशात सीट दिसली.

मागची डावी सीट. करड्या कापडाची. बसण्याच्या जागी कापड दबलं होतं. पिशवी ठेवली की दबतं तसं नाही. दोन मांड्यांसारखं, दोन लांबट खळगे.

तिने पडद्याकडे पाहिलं. बाहुली लाल होती.

टिंग. टिंग. टिंग. 'मागे डावीकडे: बेल्ट लावा.'

"आली परत तुझी बाहुली," टोर म्हणाला. हसायला गेला, पण हसू अर्ध्यात राहिलं. "गुडे, तुला वास येतोय?"

येत होता. ओल्या लोकरीचा. पाण्यात भिजलेला जाड स्वेटर शेगडीपाशी टाकला की येतो तसा.

"तुझे मोजे असतील."

"माझे मोजे कोरडेत."

"सेन्सर बिघडलाय. काढून फेकीन मी तो." तिचा आवाज चढला होता. घाबरली की तिला राग यायचा. "अडीच मैलांपैकी एक झाला. मागे बसलेला तो काय बेल्ट लावणार आहे का? बर्फावर कोण बेल्ट लावतं?"

बोलली आणि तिलाच कसंतरी झालं.

बर्फावर बेल्ट न लावता बसणारा म्हणजे बर्फ माहीत असलेला.

टिंग. टिंग. टिंग. आवाज थांबेना. टोरने पुस्तक उघडून आवाज बंद करायचं पान शोधायला घेतलं. त्याची बोटं पानाला चिकटत होती. गाडी गोड गुंजत होती. पंचविसावं झाड. सव्विसावं. उजेड झकास पडला होता, बेट स्पष्ट दिसत होतं, खानावळीच्या धुराड्यातून धूर निघत होता, धक्क्यावर माणसांचे ठिपके उभे होते. तिच्यासाठी उभे होते! गुडीने दात आवळले. एकदा पलीकडे गेलं की झालं. मग सगळी गाडी खोलून बघू.

आणि आवाज एकदम थांबला.

पडद्यावर दुसरं चित्र आलं. गाडी, आणि तिचं मागचं डावं दार बाहेर उघडलेलं. लाल.

गार हवेचा झोत मानेवर आला. त्यामागून दार लागल्याचा आवाज. धाडकन नाही. काळजीने लावल्यासारखा.

चित्र गेलं. पाच बाहुल्या परत आल्या. मागची डावी करडी होती.

आरशातली सीट हळूहळू फुगून सपाट झाली.

"गुडे," टोर म्हणाला. "दार उघडलं होतं?"

गुडीने पेडलवरून पाय उचलला होता. ब्रेक नाही, नुसता पाय उचलला. गाडी आपोआप मंदावत होती.

"थांबतेस काय? मधे थांबायचं नाही म्हणाले ना! चल, चल!"

मागून स्कोग्लंडांचा हॉर्न वाजायला लागला. लांब, चिडलेला.

समोर धक्क्यावरचे ठिपके हात हलवत होते. पंधराशे, सोळाशे यार्ड. चार-पाच मिनिटं.

"तो उतरला," गुडी म्हणाली.

"कोण?"

"उतर, टोर."

"अगं पाटी..."

"उतर म्हणते ना!"

दोन्हीकडची दारं उघडून दोघं बाहेर पडले. टोर सरळ मागे पळाला. गुडीने एकदाच वळून पाहिलं. गाडीच्या नाकापासून वीसेक फुटांवर बर्फावर एक बारीक काळी रेघ होती. ती ओली होत होती. ओली होता होता रुंद होत होती.

तीही पळाली. हात हलवत, घसा फाटेस्तोवर ओरडत. स्कोग्लंड थांबले, मग रेघ त्यांनाही दिसली आणि पिकअप उलटा पळायला लागला. पायाखाली बर्फ हलला. खरंच हलला, पाळण्यासारखा. मागे पाणी बर्फावर येऊन निळ्या गाडीच्या पुढच्या चाकांपाशी पसरत होतं. दिवे चालू होते. इंजिनाचा आवाज येत होता.

मग वायव्येकडून हिमाचं वादळ आलं आणि सगळं पांढरं झालं.

ऑर्विलकाकांनी सगळ्यांना दोरीच्या अलीकडे आणलं. वाट बंद केली. त्यांनी गुडीला आपल्या खोलीत शेगडीपाशी बसवलं, हातात सूप दिलं. ती सूप प्यायली नाही. रडली. आठ महिन्यांची मासळी, पहिली गाडी, पाटी, सगळं तळाला.

"गिअर काढला होतास?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही."

"का थांबलीस?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, मागचं दार तुम्ही दोनदा का बघितलं?"

ऑर्विलकाकांनी शेगडीत लाकूड सारलं. शेगडीचं दार लावत म्हणाले, "सवय. फार वर्षांपूर्वी एकाचं मागचं दार उघडलं नव्हतं."

वादळ अकराला ओसरलं. बेटावर जायला आता एकच साधन होतं. मागे विमानासारखा पंखा असलेली सपाट बोट, बर्फ असो की पाणी, घसरत जाते. काकांनी ती काढली. गुडी, टोर आणि थोरला स्कोग्लंड तिच्यात बसले. पंख्याच्या आवाजात बोलताही आलं नसतं.

रेघ होती तिथे आता तीस फूट उघडं पाणी होतं. काळंभोर, वाफाळणारं. निळी गाडी कुठेच नव्हती. स्कोग्लंडाने टोपी काढली, जसं कुणी माणूस गेलंय.

बोट पाणी ओलांडून पुढे निघाली. आणि टोरने गुडीचा दंड इतक्या जोरात धरला की तिला कळ आली.

बेटाच्या धक्क्यावर गाडी उभी होती.

निळी. दिवे चालू. बेटावरचे लोक लावतात तशी, तोंड सरोवराकडे करून, मागे मागे घेऊन नीट लावलेली. भोवती तीस-चाळीस माणसं, आणि बोट दिसताच ती आरडाओरडा करायला लागली. कुणी टोप्या उडवत होतं. कुणीतरी घंटा वाजवत होतं.

"आली! आली!" डॉटमावशी एप्रनवरच धावत आली. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. "गुडे, बये, वादळातून चालवत आणलीस आणि उतरून गेलीस कुठे? आम्ही आत बघतो तर कुणी नाही!"

"मी नाही आणली," गुडी म्हणाली.

"म्हणजे?"

थोरला स्कोग्लंड घाईघाईने बोलला, "गिअरमध्ये राहिली असणार. रांगत रांगत आली असेल. होतं असं." त्याचं त्यालाच पटलेलं दिसलं नाही. रांगणारी गाडी धक्क्यावर वळून, मागे घेऊन उभी राहत नाही.

ऑर्विलकाका एकटेच मागे बर्फावर उभे होते. ताज्या बर्फावर चाकांचे ठसे होते. ते उघड्या पाण्यापासून दूर, उत्तरेकडून मोठा वळसा घालून आले होते. तिकडे एकही झाड रोवलेलं नव्हतं. काका ठशांशेजारी गुडघ्यावर बसले, गिरमिट लावलं, पट्टी आत घातली. उठले.

"सोळा इंच जाड, ट्रकही जाईल," ते म्हणाले. "ही वाट मी कधी मोजलेली नाही."

मग परत सगळे एकदम बोलायला लागले.

गुडी गाडीपाशी गेली. दार उघडलं. ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली होती, अगदी शेवटपर्यंत. ती टेकून बसली तर तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. आरसा वर उचललेला. पडद्यावर P, म्हणजे गाडी उभी करायचा गिअर, लागलेला. कसलाही इशारा नाही. सगळं ठीक.

"बोल," डॉटमावशी खिडकीशी आली. ब्रशवरून लाल थेंब बर्फावर पडत होते. "गाडी तुझी, पहिली आली, मला बाकीचं कळत नाही. दोन ओळी सोडल्यात तुझ्यासाठी. गुड्रुन हॅल्व्हर्सन ना?"

बाप गर्दीत उभा होता. तिने त्याला पाहिलं. त्याने टोपी काढून हातात धरली होती आणि तो हसत होता. तिच्याकडे बघून असा तो कधी हसला नव्हता. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"माझं नको, मावशी," गुडी म्हणाली.

"मग कुणाचं?"

"जागा सोड. रिकामी ठेव."

बापाचं हसू गेलं. डॉटमावशीने पोरीचं तोंड बघितलं आणि ब्रश डब्यात ठेवला.

गुडी उतरली आणि इंजिन बंद करायला आत हात घातला. बटणापाशी बोट गेलं, आणि तेव्हा तिला पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा दिवा दिसला. सीटचं चित्र, त्याच्यावर तीन नागमोडी रेघा. तो दिवा तिने कधी लावला नव्हता. ड्रायव्हरची सीट गरम करण्याचा दिवा. तीनही रेघा पेटलेल्या, म्हणजे शेवटची पायरी.

आत्ता ती टेकली होती तेव्हा जाड कोट मधे होता. तिने हातमोजा काढला आणि उघडा तळवा सीटवर टेकवला.

कापड इतकं गार होतं की तळवा चिकटला.

तिने तो सोडवून घेतला, सावकाश, आणि बटणापाशी नेलेलं बोटही मागे घेतलं. मग तिने दोन्ही काचा वर केल्या, हीटरचा झोत सीटकडे वळवला, इंजिन तसंच चालू ठेवलं आणि दार हलक्या हाताने लावलं.